किड्यांचा रुमाल

वारज्याच्या इंदुबाईंना चिडवायचं असेल तर त्यांच्यासमोर 'प्लांट पेरेंट' एवढंच म्हणा. शाळा चौथीत सुटली, पुढं तीस वर्षं नर्सरीत कुंड्या भरल्या. झाडाचा बाप व्हायला कुणी आला की त्यांच्या तोंडाची चवच जायची.

असा एक बाप समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचा. अभय. आठवडाभर खराडीला कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये 'घरच्या घरी फर्न वाढवा' म्हणून वर्कशॉप घ्यायचा. शेवटी सर्टिफिकेट. झाडं त्यानंतरही मरायचीच, पण आता सर्टिफिकेटवाल्यांच्या हातून मरायची.

इंदुबाईंकडे एकच नेचा होता. नेचा म्हणजे तेच, अभयचं फर्न. पण हा विकतचा नव्हता. गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तेव्हा त्यांच्या आज्यानं वस्तीसाठी आपली वेगळी विहीर खणली होती. घरोघर नळ आले आणि ती बुजवायची ठरली. आदल्या दिवशी इंदुबाईंनी आतल्या दगडांत हात घालून नेच्याचा एक गड्डा उपटून आणला. त्या विहिरीचं आता तेवढंच उरलं होतं.

दसऱ्याला इंदुबाई आणि सून अपेक्षा नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. जाताना अपेक्षानं कुंडी अभयकडे ठेवली, पाण्याची सोय म्हणून. चार दिवसांनी येऊन बघतात तर कुंडी गायब आणि सहा रंगीत कप.

"काकू, सरप्राइज," अभय म्हणाला. "वर्कशॉपला डेमो दिला. एकाचे सहा केले."

"कापलंस कशानं?"

"ब्रेडच्या सुरीनं."

"मग लोणी पण लावायचंस."

पाच कप आठ दिवसांत गेले. सहाव्यात एक पान तग धरून होतं, पण खालचा गड्डा सडक्या बटाट्यासारखा मऊ लागत होता. इंदुबाईंनी पान उलटं केलं. खालच्या बाजूला ठिपक्यांच्या रांगा होत्या, अजून हिरवट.

"हे ठिपके तपकिरी झाले की त्यातनं भुकटी पडते," त्यांनी अपेक्षाला दाखवलं. "तेच नेच्याचं बी. तोवर ह्याला कुणी हात लावायचा नाही. हे गेलं तर संपलं सगळं."

मग रोज सकाळी चहाच्या आधी पान बघायचं. सातव्या दिवशी ठिपके छान तपकिरी झाले. इंदुबाई कोरा कागद आणायला खाली दुकानात गेल्या. परत आल्या तर बाल्कनीत अभय उकिडवा बसलेला. एका हातात उलटं केलेलं पान, दुसऱ्या हातात चष्मा पुसायचा रुमाल. अपेक्षानं त्याला दार उघडलं होतं आणि ती ऑफिसच्या कॉलवर परत आत गेली होती.

"काकू, मी वेळेवर आलो म्हणून वाचलं," तो म्हणाला. "सगळी कीड होती. फोटो काढला, ॲपनं लगेच ओळखलं. एकूण एक किडा पुसून काढला. हे बघा." रुमाल तपकिरी झाला होता.

इंदुबाई पाटावर बसल्या. आज्याची विहीर ह्या माणसानं चष्म्याच्या रुमालानं पुसली होती.

"पाणी लावलंस?"

"नाही. कोरडाच आहे."

"औषध?"

"ते आता मारणार होतो."

"दे इकडे तो रुमाल."

"घाण आहे काकू, टाकतो मी."

"अभय, दे. धुऊन परत करीन."

तो गेल्यावर त्यांनी एका विटेवर उकळतं पाणी ओतलं. वीट गार झाल्यावर ती पाणी भरलेल्या ताटलीत ठेवली, वर रुमाल हळूहळू झटकला आणि मिठाईचा प्लास्टिकचा डबा पालथा घातला. ताटली बाथरूमच्या खिडकीशी, सावलीत.

अपेक्षाचा चेहरा पडला होता. "आई, दार मीच उघडलं."

"त्याला तू काय करणार. माणूस ओळखायचं ॲप कुठंय तुझ्याकडं."

दोन महिने नुसती वीट. मग तिच्यावर हिरवा ओलसर पापुद्रा धरला. संक्रांतीला अभय तिळगूळ घेऊन आला, हात धुवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "काकू, शेवाळ झालंय. ब्लीच मारतो."

अपेक्षा कॉल तसाच सोडून उठली आणि त्याच्या आणि विटेच्या मध्ये उभी राहिली. "तिळगूळ ठेव आणि घरी जा," ती म्हणाली. इंदुबाईंना सुनेचा एवढा अभिमान लग्नातही वाटला नव्हता.

मार्चमध्ये त्या पापुद्र्यातनं एक पान आलं, नखाएवढं, मूठ वळलेलं. मग दुसरं. महिनाभरात अकरा रोपं मोजली.

बातमी समोर पोचलीच. "काकू, एक द्या ना वर्कशॉपला," अभय दारात उभा. "स्पोअरपासून फर्न, भारी टॉपिक आहे. तुमचं नाव घेईन."

"थांब," म्हणून इंदुबाई आत गेल्या. येताना धुऊन, इस्त्री करून, चौघडी घातलेला रुमाल घेऊन आल्या आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हा तुझा रुमाल. किडे मी ठेवून घेतले."