पाय लागला

"रुचा, उचलायला सांग म्हणतोय ना! कानात बोळे घातलेत का?"

"बाबा, स्टॉप शाउटिंग! सिग्नल मी देणार असं ठरलंय ना? तू मागे हो."

चारुदत्त खरे मागे झाले नाहीत. ते आयुष्यात कधी मागे झाले नव्हते, आणि त्याची फळं घरच्यांनी पोटभर चाखली होती. भोसरीत फिटर, मग डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत पत्रे दाबणारे अजस्र प्रेस बसवणं, आणि आता तिथून जवळच, नोव्हाय गावात, स्वतःची छोटी कंपनी. अवजड यंत्रं हलवण्यात हयात गेली. माणसांवर खेकसायचं आणि यंत्रांना गोंजारायचं, ही त्यांची रीत. बायको पद्मिनी म्हणायची, "मला चार नटबोल्ट असते तर बरं झालं असतं."

बाल्टिमोरच्या धक्क्याला बांधलेल्या एका जुन्या प्रवासी जहाजातून वाफेवर चालणारा जनरेटर काढायचा होता, म्युझियमसाठी. शंभर वर्षांपूर्वी जहाज बांधताना यंत्रं आधी पोटात उतरवली आणि वरून एकेक मजला, म्हणजे डेक, ठोकले. आता ती बाहेर काढायची तर पोट फाडणं आलं. चार डेक कापून विहिरीएवढं भोक पाडलं होतं. धक्क्यावर क्रेन चालवायला डॅरिल, आणि विहिरीत निम्म्या खोलीवर, भिंतीला जोडलेल्या एका लोखंडी फळीवर हे बापलेक. बाकीचे जनरेटर केव्हाच भंगारात गेले होते. हा एकच उरला होता, आणि "ह्याला मी परत फिरवून दाखवतो," असं चारुदत्त भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आठ टनांचं ते धूड क्रेनच्या दोन पट्ट्यांवर झुलत वर आलं. फळीशी येताना डुललं आणि चारुदत्तांचा बूट त्याला लागला.

पाय लागला! दसऱ्याला पान्ह्यांनाही हळदकुंकू वाहणारा माणूस तो. विचार करायच्या आत उजवा हात पुढे गेला, यंत्राला शिवून कपाळाला लावायला. तेवढ्यात एक पट्टा यंत्राच्या धारदार कडेवर घासून तुटला. यंत्र भेलकांडून लोखंडी भिंतीवर आदळलं, आणि मध्ये तो हात होता.

हाडं मोडल्याचा आवाज रुचाने ऐकला. मग बाबांची किंकाळी. भिंतीवरून रक्ताचे ओघळ निघाले.

"डॅरिल, स्टॉप! डोन्ट मूव्ह!" ती रेडिओवर किंचाळली. यंत्र तिरकं होऊन भिंतीत रुतलं होतं, एकाच पट्ट्यावर. दुसरा पट्टा आणून ते सावरायला अर्धा तास तरी गेला असता. तेवढं रक्त बाबांच्या अंगात नव्हतं.

तिने कमरेचा सुरा काढला.

"नको! पट्टा मागव दुसरा!" चारुदत्त ओरडले. "मशीन सोडू नकोस, सांगून ठेवतो!"

"सॉरी, बाबा."

ताणलेल्या पट्ट्याला सुरा लागताच तो फाटला. यंत्र भिंत ओरबाडत थेट खाली गेलं आणि तळावर फुटलं. सगळं जहाज हादरलं. चारुदत्त फळीवर कोसळले, आणि रुचाने स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून त्यांचा दंड करकचून आवळला. ती रडत होती आणि शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही कळत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मशीन?"

"गेलं. तुकडे झाले."

त्यांचे डोळे लाल झाले. "कार्टे! सांगत होतो ना तुला!" आणि त्यांनी उजवा हात उगारून सणसणीत मारला.

मनगटाच्या पुढे काही नव्हतं. बँडेजचा बोळा रुचाच्या गालावर आपटला, आणि वेदनेने तेच दुमडले. मग बाहीच्या टोकाकडे बघत राहिले. हात गेल्याचं त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

रुचा हलली नाही. तिने तो बोळा दोन्ही हातांत धरला.

"मार अजून. आय डोन्ट केअर. तू आहेस ना!"

बँडेजमधून झिरपलेलं रक्त तिच्या गालाला लागलं होतं. चारुदत्तांनी डावा हात पुढे केला आणि ते पुसायला लागले. त्या हाताला सवय नव्हती. रक्त गालभर पसरत गेलं, तरी ते पुसत राहिले.