पिंपातलं शिळं पाणी

देशाचं भवितव्य तरुणांच्या हाती आहे, यावर शासनाची अढळ श्रद्धा आहे. हवामान बदलतंय, पाणी कमी पडतंय, तेव्हा ज्यांना पुढची पन्नास वर्षं इथं काढायची आहेत त्यांचाच सल्ला घेतला पाहिजे, असं शासनानं एका गंभीर क्षणी ठरवलं आणि 'युवा हवामान व जल सल्लागार मंडळ' स्थापन केलं. तरुणांनी कोणता सल्ला द्यायचा, तेही त्याच आठवड्यात टाइप करून ठेवलं.

हे काम मनमोहन त्रिलोकेकरांकडे होतं. ते एका विभागात अवर सचिव होते आणि बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी तयार ठेवण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. त्यांचं म्हणणं असं, की बैठकीनंतर लिहायला घेतलं तर लोक खरोखर काय बोलले ते लिहावं लागतं, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात.

मंडळात सगळ्या थरांतले तरुण हवेत, असा वरून आदेश होता. त्यात कोळी समाजातली एक मुलगीही हवी होती. तिला शोधायला त्रिलोकेकरांना जिना चढण्याइतकेही कष्ट पडले नाहीत. ती त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि रोज सकाळी दोन्ही हातांत बाहेरून भरून आणलेले पाण्याचे कॅन घेऊन त्यांच्या दारावरून जात होती. तिचं नाव गुणवंती. आईवडील उरणला, कॉलेजचं शेवटचं वर्ष म्हणून ती आजीपाशी राहत होती.

इमारत भोईवाड्यातली, जुनी. समोर एके काळी गिरणीचा भोंगा वाजायचा. आता तिथे टॉवर आहे आणि टॉवरच्या सातव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे. इमारतीत मात्र पाणी अजून सकाळी थोडा वेळच येतं. तळमजल्यावरचे नळ सुटले की वरच्या मजल्यांना नुसती हवा मिळते. नळ फुसफुसतो आणि गप्प बसतो.

तळमजल्यावर त्रिलोकेकर. नळाला पाणी आलं की त्यांच्या घरात पहिलं काम एकच. त्यांच्या पत्नी उर्मिलाकाकू पदर खोचायच्या आणि कालचं पाणी ओतायच्या. दोन पिंपं, हंडा, कळशी, सगळं मोरीत रिकामं. मग घासायचं, विसळायचं आणि नळ पूर्ण सोडून ताजं पाणी भरायचं. सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत होती. शिळं अन्न चालेल एक वेळ, पण शिळं पाणी? देवाला काय घालायचं? घरात माणसं किती, दोन. पिंपातलं पाणी अर्धंसुद्धा संपायचं नाही. म्हणून ओतायला भरपूर असायचं.

त्या सोमवारी नळ सुटलेला असताना जिन्यावरून हाक आली.

"ओ भाऊ! भरलं का नाय अजून तुमचं?"

गुणवंतीची आजी सखुबाई, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. नवरा धर्मा गिरणीत होता. संप लांबला, गिरणी उघडलीच नाही, तेव्हा तिनं पाटी उचलली ती अजून उतरवली नव्हती.

"होतच आलंय, सखुबाई," त्रिलोकेकर दाढी करता करता म्हणाले.

"रोजचंच तुमचं 'होत आलंय'. हे बगा, या आठवड्यात पानी वर चढलं नाय तर मी खोली सोडते. जाते उरणला लेकाकडं. माजी पोर किती दिवस तीन मजले कॅन चढवंल? कॉलेजचा पयला तास कवा मिळतच नाय तिला."

"आणि तिचं कॉलेज?"

"उरणवरून येल का रोज ती? सुटलं कॉलेज," सखुबाई म्हणाली आणि पाटी सावरत निघून गेली.

आत काकू दुसरं पिंप आडवं करत होत्या. "काय म्हणत होती हो?"

"काही नाही. पाण्याचं."

"आज पापलेट आणते म्हणाली होती. ते विचारलंत का?"

बुधवारी दादरच्या एका सभागृहात मंडळाची बैठक भरली. सहसचिव साहेब अध्यक्ष होते. प्रत्येक सदस्याच्या हातात एकेक छापील शिफारस दिलेली होती. उभं राहायचं, वाचायचं, फोटो काढून घ्यायचा, बसायचं. चार शिफारशी झाल्या. एका मुलानं पावसाचं पाणी साठवायला सांगितलं, एका मुलीनं झाडं लावायला सांगितली. फोटो चांगले येत होते.

पाचवी गुणवंतीची होती: 'नागरिकांनी दात घासताना नळ बंद ठेवावा.'

ती उभी राहिली. कागदाकडे बघत राहिली.

"वाचा," साहेब म्हणाले.

"सर, हे मला नाही वाचता येणार."

"का? अक्षर बारीक आहे का?"

"अक्षर ठीक आहे. पण आमचा नळ बंदच असतो, सर. पाणी येईल तेव्हा बंद करीन."

सभागृहात हसू पसरलं. डिलाईल रोडवरचा सदस्य जगन मागच्या रांगेतून म्हणाला, "सेम टू सेम, सर. आमच्याकडे पण."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तुमचा सल्ला काय आहे?"

हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. त्रिलोकेकरांनी तयार इतिवृत्त उघडून पाहिलं, त्यातही नव्हता.

"सर, तलावांत आत्ता पाणी आहे ते कधीचं?" गुणवंतीनं विचारलं.

"कधीचं म्हणजे? गेल्या पावसाळ्याचं."

"म्हणजे कित्येक महिने उघड्यावर पडून असलेलं. ते शिळं होत नाही. शुद्ध होऊन पाइपातून घरी येतं, झाकलेल्या पिंपात एक रात्र काढतं, आणि सकाळी शिळं होतं! मग लोक ते मोरीत ओततात आणि परत भरायला नळ पूर्ण सोडतात. खालचे नळ सुटले की वर पाणी चढत नाही. पाऊस आता भरवशाचा राहिला नाही, पुढे कपात वाढणार, असं आपणच सांगता. मग माझा सल्ला एवढाच आहे. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी ओतू नका, हे सरकारनं घरोघरी सांगावं. त्याला धरण बांधावं लागत नाही."

दोन-तीन तोंडांवरून स्पष्ट दिसत होतं, की त्यांच्याही घरी सकाळीच हा समारंभ उरकला आहे. खुद्द साहेब मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

"असं खरंच करतात लोक?" ते शेवटी म्हणाले. "त्रिलोकेकर, तुम्ही त्याच भागात राहता ना? तुमच्याकडे होतं असं?"

"नाही, साहेब," त्रिलोकेकर म्हणाले. "आमच्याकडे ही पद्धत नाही."

गुणवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं. ती खाली बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्रिलोकेकरांना वाटलं. इतिवृत्तात आधीपासूनच लिहिलेलं होतं: 'कु. गुणवंती यांनी दात घासताना नळ बंद ठेवण्याची शिफारस मांडली. सर्वानुमते मंजूर.'

संध्याकाळी त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"तू बोलली का नाहीस?"

"तुमच्या साहेबांसमोर कसं बोलणार, काका? आणि जायचंच आहे, तर भांडून कशाला जायचं? आजीनं बोचकी बांधायला घेतलीत."

त्रिलोकेकरांनी घरात येऊन हे सांगितलं. उर्मिलाकाकूंच्या हातातला पोळपाट तसाच राहिला.

"सखुबाई चालली? मग बोंबील कोण आणणार?"

त्रिलोकेकरांसारख्या मासळीवेड्या पाठारे प्रभूंच्या घरात हा प्रश्न हवामानबदलाहून गंभीर असतो. दोघं लगेच वर निघाली. लग्न होऊन या इमारतीत आल्यापासून काकू तिसऱ्या मजल्यावर कधी गेल्या नव्हत्या. कारण पडलं नव्हतं. मासळी खाली येत असे. दुसऱ्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या.

"कॅन घेऊन चढते ती हे?"

"दोन," त्रिलोकेकर म्हणाले.

खोली लहान, पण लख्ख होती. भिंतीला धरून पातेली, कळश्या, तेलाचे डबे, सगळे पाण्यानं भरलेले, प्रत्येकावर धुतलेलं फडकं. कोपऱ्यात बोचकी. सखुबाईनं दोघांना खाटेवर बसवलं. गुणवंतीनं चहा टाकला.

"सखुबाई, असं तडकाफडकी जायचं का गं?" काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांचा शेजार. आम्ही परकी आहोत का?"

"चहा घे बाय आदी."

काकूंनी घोट घेतला. आलं घातलेला, दाट, फक्कड चहा होता. सवयीनं त्यांची नजर पातेल्यांकडे गेली.

"पाणी आजचं का गं?"

"परवाचं," सखुबाई म्हणाली.

कप ओठांपाशी थांबला. त्रिलोकेकर बाहेर टॉवरकडे बघू लागले.

"परवाचं हाय, आनि झाकलेलं हाय," सखुबाई शांतपणे म्हणाली. "बाय, मी रोज तुला मासळी देते. कल्ल्यातलं लाल बगून घेतेस, बोटानं दाबून घेतेस. बरोबर हाय. मासळी नासते. पानी कंचं नासलंय झाकलेलं? सकाळी तू ओततेस ना, मोरीच्या पायपातून त्याचा आवाज येतो मना हितं. बाजाराला निघायच्या आदी मी नळाखाली हंडा लावून बसलेली असते. वरून थेंब नाय, आनि खालून धबधबा. मी ऐकत बसते. मनात म्हणते, हा माजा हंडा चालला. ही माजी कळशी चालली."

"अगं मग इतके दिवस सांगितलं का नाहीस!" काकू ओरडल्याच.

"पानी तुमचं, पिंप तुमचं. मी कशी सांगू, ओतू नको म्हनून?"

अरेरे! शासनाच्या मंडळात जे कुणाच्या तोंडून निघालं नाही, ते एका कप चहानं काढून घेतलं. उर्मिलाकाकूंनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला.

"उद्या हंडा लाव," त्या म्हणाल्या. "आणि ती बोचकी सोड आधी."

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. सवयीनं काकूंचा हात पिंपाच्या काठाकडे गेला. त्रिलोकेकर गालावर साबण तसाच ठेवून दारात उभे होते. हात थांबला. काकूंनी झाकण उचलून आत पाहिलं, वास घेतला, पुन्हा झाकण ठेवलं. पाणी पाण्यासारखंच होतं. जेवढं वापरलं होतं तेवढं भरलं आणि नळ बंद केला. त्या घरात नळ इतक्या लवकर कधी बंद झाला नव्हता.

मग वरून आवाज आला.

"गुणे, आलं गो! आलं! हंडा सरकव, कळशी लाव!"

त्रिलोकेकर त्या दिवशी कचेरीत गेले आणि त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच बैठकीनंतर इतिवृत्त लिहिलं. गुणवंतीचा सल्ला तिच्याच शब्दांत उतरवला. खाली स्वतःच्या सहीनं एक ओळ जोडली: 'सदर पद्धत अधोस्वाक्षरीकाराच्या घरीही होती. बैठकीत दिलेलं उत्तर खोटं होतं.' साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग सही केली. पुढे एका सकाळी त्यांनी फोन करून हळू आवाजात विचारलं, की किती दिवसांचं पाणी चालतं.

तेव्हा नागरिकहो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच. पाण्याचं धोरण मोठ्या टेबलाभोवती ठरतं हे खरं, पण ते आपल्या मोरीतही रोज ठरत असतं. तरुणांना सल्ला विचारायचा असेल तर तो ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्यांच्या हातात आपलाच कागद देऊ नका. आणि पिंप रिकामं करण्याआधी क्षणभर वरच्या मजल्याकडे बघा. आपण ज्याला शिळं म्हणतो, त्याची तिथे कुणीतरी हंडा लावून वाट बघत असतं.

मंडळाची शिफारस शासनानं तत्त्वतः मान्य केली आणि अभिप्रायासाठी दुसऱ्या विभागाकडे पाठवली. सखुबाई राहिली. गुणवंतीला पहिला तास मिळू लागला.

तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतंय, म्हणजे पाण्याला चांगला जोर आहे, हे दुसऱ्या मजल्यावरच्या शरच्चंद्ररावांच्याही लक्षात आलं. पुढच्या रविवारी त्यांनी नळाला पाणी ओढणारी मोटर बसवून घेतली.