उजळ बाजू

जालिंदरला माणसाच्या आधी माणसाची निगेटिव्ह दिसायची. श्रीरामपुरात स्टेशनच्या रस्त्याला त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाचा रोल धुतला, की ओली पट्टी बल्बसमोर धरायचा आणि खिदळायचा.

"वाल्मिक, हे बघ! बोहल्यावर चढता चढता नवरदेव म्हातारा झाला. डोकं पांढरंफटक!"

धाकटा भाऊ वाल्मिक त्याच जोकवर दरवेळी हसायचा. त्याला ही विद्या जालिंदरनंच शिकवलेली. निगेटिव्हमध्ये पांढरं दिसलं, की काळं समजायचं. काळं दिसलं, की पांढरं. "मानूस कॅमेऱ्यापुढं खोटं हसंल," तो म्हणायचा, "फिल्म खोटं बोलत न्हाई."

मग एका सकाळी थुंकीत रक्त आलं.

डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. कॅन्सर. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, अख्खं डावं काढावं लागेल. पण त्याआधी उजवं एकटं गाडा ओढेल का, ते बघायचं. त्यासाठी वेगळा स्कॅन. दंडाच्या शिरेत सुई, वर तव्यासारखा गोल कॅमेरा, आणि खाली जालिंदर. आयुष्यभर लोकांना "हलू नका" म्हणणाऱ्याला तिथली पोरगी म्हणाली, "काका, हलू नका." त्याला हसू आलं.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी दारातून आवाज दिला, "नातेवाईक कोण आहे? आत या. पेशंटला बाहेरच बसू द्या."

जालिंदरला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळीकडं असंच असतं. दुखणं एकाचं, ऐकायचं दुसऱ्यानं. वाल्मिक आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला, काखेत फिल्मचं पाकीट.

"काय म्हनले रं?"

"घरी गेल्यावं बोलू दादा."

नगरचा स्टँड गेला, राहुरी गेली, पण वाल्मिक खिडकीतून बाहेरच बघत बसला.

घरी जालिंदरनं चपला काढायच्या आधी पाकीट उघडलं. फिल्म ट्यूबलाईटसमोर धरली. काळ्या फिल्मवर उजवं फुप्फुस पांढरंशुभ्र. डावीकडं मात्र अंधार, नुसते चार ठिपके.

"आरं तिच्या!" त्यानं बायकोला हाक मारली. "विजे, बघ. उजवं सगळं पांढरं. म्हंजे खरं तर काळं. जळून खाक झालंय. डावं काळं, म्हंजे साफ. आन ही शानी मानसं माझं डावंच काढाया निघालीत! मग मी दम काय कानानं घिऊ?"

विजयमालानं पदर तोंडाला लावला. तिची थोरली बहीण ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. तेव्हापासून तिला ऑपरेशन हा शब्दसुद्धा घरात चालायचा नाही.

"वाल्मिक, बोल की. तू आत हुतास. मी वाचलं ते बरुबर का चूक?"

वाल्मिकनं वहिनीकडं बघितलं. वहिनीनं त्याच्याकडं.

"बरुबर हाय दादा," वाल्मिक म्हणाला. "डॉक्टर पन तेच म्हनले. ऑपरेशन झेपायचं न्हाई."

झालं. विषय संपला. ऑपरेशनच नाही तर डॉक्टर कशाला, म्हणून जालिंदर परत कुणाकडं फिरकला नाही. उलट त्याला आतून थोडा गर्वच होता. मरण का होईना, आपण स्वतः वाचलं. गिऱ्हाइकाला फोटो देता देता सांगायचा, "पुन्याच्या डॉक्टरला बोलायला जड गेलं, पन आपुन फिल्मवरनंच वळखलं."

वाल्मिक तेवढ्यात डार्करूममध्ये सटकायचा.

उन्हाळा आला, लग्नसराई लागली. देवळालीला एका लग्नात वऱ्हाडाचा ग्रुप फोटो घ्यायला तो खुर्चीवर चढला आणि त्याला श्वासच पुरेना. लोकांनी उचलून श्रीरामपूरला प्रवीण डॉक्टरांकडं आणलं. पहिला एक्स-रे काढून पुण्याला धाडलं होतं ते ह्यांनीच. वाफ दिली, श्वास सुरळीत झाला. डॉक्टरांनी जुनी फिल्म मागवली, उजेडात धरली.

"उजवं तर झकास आहे की. ऑपरेशनचा व्रण कुठंय? शर्ट काढा."

"ऑपरेशन झालंच न्हाई. उजवं गेलंय ना माझं."

"कोण म्हणालं?"

"ही काय! पांढरं म्हंजे काळं. निगेटिव्ह हाय ती."

डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली. "जालिंदरभाऊ, ही निगेटिव्ह नाही. सुईतून दिलेलं औषध रक्ताबरोबर जिथं पोचतं, तिथं उजळतं. पांढरं म्हणजे चालू. उजवं एकटं सगळा संसार ओढत होतं. डावं काढलं असतं तरी तुम्ही चालला-फिरला असता." मग म्हणाले, "पुण्याहून मला फोन आला होता. भावाला नीट समजावलंय म्हणाले. मला वाटलं, तुम्ही तिकडंच ऑपरेशन करून घेतलं."

जालिंदर उठला. फिल्म काखेत मारली.

वाल्मिक डार्करूममध्ये होता. जालिंदरनं सरळ दार उघडलं. औषधातला सगळा फोटोपेपर उजेडानं काळा पडला.

"दादा! पेपर ग्येला की!"

"जाऊ दे." त्यानं फिल्म पुढं केली. "वाच."

वाल्मिकचे हात औषधानं ओले होते. ते त्यानं तसेच पँटला पुसले.

"वैनीनं पोराची शप्पथ घातलीती. आपुन घरी याच्या आदीच, म्या दवाखान्यातनं फोन केला तवा. म्हनली, थोरली भन टेबलावर ग्येली, आता ह्यांना न्हाई जाऊ द्यायची."

"तिला फिल्म वाचता येत न्हाई. तुला येती. मी इचारलं, बरुबर का चूक. तू म्हनलास बरुबर."

"तुमीच उलटं वाचलं दादा. मी निस्ता..."

"निस्ता व्हय म्हनलास."

नवऱ्याला दम लागल्याचं ऐकून विजयमाला मागं येऊन उभी होती. "मला तुमी जित्ते पायजे हुते," ती म्हणाली.

"मग ज्या बाजूनं जगलो असतो, तीच का झाकली?"

त्या रात्री त्यानं तिच्या हातचं जेवण घेतलं नाही.

पुण्याला तो एकटाच निघाला. एसटीत मागच्या सीटवर वाल्मिक येऊन बसलेला त्यानं बघितला, पण मान वळवली नाही. परत तोच कॅमेरा, परत सगळ्या तपासण्या.

"नातेवाईक कोण आहे?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

वाल्मिक उठला.

"बस खाली," जालिंदर म्हणाला. "साहेब, फुप्फुस माझं हाय. मलाच सांगा."

डॉक्टर घुटमळले. मग त्याला आत घेतलं, फिल्म लावली. उजवं तेवढंच उजळ. डावीकडं ते चार ठिपकेही नव्हते. शेजारी दुसऱ्या तपासणीची फिल्म. गाठ मधोमध सरकली होती, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून.

"उजवं अजून दणकट आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आता गाठ काढता येणार नाही. तेव्हा आला असता तर..."

"व्हय. तेवा आलो असतो तर."

जालिंदर बराच वेळ त्या उजळ बाजूकडं बघत बसला. कसली छान आली होती. मग उठून त्यानं दार उघडलं.

"वाल्मिक, आत ये. साहेब, ह्याला सांगा. सगळं सांगा." फिल्म त्यानं भावाच्या हातात दिली. "आता घरी जा आन तुझ्या वैनीला हे वाचून दाखव. ह्या टायमाला जे दिसतंय तेच सांग."

आणि तो बाहेर बाकावर जाऊन बसला, पेशंट बसतात तिथं.