निर्ण्याची लाईन

तांब्याची पाती दोनच होती, करंगळीएवढी, आणि त्यांच्यावर कारखान्यातून आलेलं पिवळसर ग्रीस अजून तसंच होतं... व्यंकटेशनं चिंधीनं एक पातं पुसलं, मग दुसरं, मग पहिलंच पुन्हा. हँडल वर केलं की ती लाईनच्या खाचेत बसायची, खाली ओढलं की जनरेटरच्या. दोन्हीकडं एकदम मात्र कधीच नाही — कितीही घाई असो, कुणीही ओढो. एवढ्यासाठीच तर ही लोखंडी पेटी भिंतीवर चढवायची. सात वर्षं तो हुमनाबादेत घरोघर हे चेंजओव्हर बसवत होता, आणि गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलं तरी चेंजओव्हरशिवाय जनरेटरच्या वायरीला हात लावत नव्हता. वायरमन चांगला आहे पण जरा चक्रम आहे, असं लोक म्हणत; त्याला ते बरंच वाटायचं.

आजचं घर बसवंतप्पांचं होतं. इथं यायचं त्यानं दोनदा टाळलं होतं, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या बायको शांतम्मा स्वतः दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. बसवंतप्पाअण्णांना दमा, औषधाची वाफ देणारं यंत्र विजेवर चालायचं, आणि चैत्रातल्या दुपारी लाईट गेली की ती येईपर्यंत बाईंचा जीव टांगणीला. हैदराबादच्या मुलानं जनरेटर पाठवून दिला होता. तो अंगणात ताडपत्रीखाली गुपचूप बसून होता. मीटर होतं अण्णांच्याच खोलीत, त्यांच्या खाटेच्या उशाशी, म्हणजे दिवसभर त्यांच्याकडं पाठ करूनच काम करायचं — यात त्याला थोडी सोय वाटली, आणि सोय वाटली म्हणून लाज.

त्यानं भिंतीला भोक पाडायला घेतलं. चुन्याची भुकटी उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली, खाली यायचं तिच्या मनातच नसावं, आणि तिच्यातून बघता बघता खोली लांब लांब जाऊ लागली... सात वर्षांपूर्वीचं, निर्णा गावातलं ते लग्नघरही असंच दुपारचं होतं. अक्षतांना अर्धा तास उरलेला, आणि समोरच्या खांबावर जोडाची तार तुटून घर अंधारात. खांबावर चढायला लाईनमन मल्लप्पा येतोय असा निरोप होता, पण मुलीच्या बापाला दम कुठला! व्यंकटेशनं जनरेटर आणला, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घेतली, एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात. आधी मेन पाडायचा असतो, म्हणजे घर बाहेरच्या लाईनपासून तुटतं. शिकाऊ पोरालाही ते ठाऊक असतं. पण मेन होता आतल्या खोलीत, आणि आत बायका नवरीला साडी नेसवत होत्या. दाराला आतून कडी. तो दारापर्यंत गेला, हात वर केला, आतून बांगड्यांचा आवाज आला, कुणीतरी हसलं... परक्या पुरुषानं अशा दारावर थाप कशी मारायची? अक्षता झाल्या की पाडू, असं म्हणून तो परत फिरला. घर उजळलं, लोकांनी शाबासकी दिली. आणि त्याची वीज घरात न मावता मीटरमधून उलटी खांबावर गेली, तिथं मल्लप्पानं तार धरली होती.

मल्लप्पा वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. व्यंकटेशनं मात्र सगळे खांबाकडं धावले तेव्हा वायर उपसली, गुंडाळली आणि पिशवीत घातली. ते गुंडाळणं त्याला अजून दिसतं — किती नीट, किती सावकाश. पुढं त्याला कुणी काही विचारलंच नाही. कारण सगळ्यांना उत्तर आधीच मिळालं होतं: सबस्टेशनवर ऑपरेटर होते बसवंतप्पा, मल्लप्पाचे जिवलग, लाईन बंद केल्याचं फोनवर त्याला सांगून त्यांनीच ती वेळेआधी परत सोडली असणार. चौकशीत काही निघालं नाही, पण मल्लप्पानं त्यांचं तोंड पाहणं सोडलं. आणि मी? मी मूग गिळून बसलो, आधी भीतीनं, मग सवयीनं.

“व्यंकटेश,” मागून आवाज आला. अण्णा जागे होते. “आज काम करायलास, ते बघून आठवायलंय बघ. मल्लप्पाच्या गल्लीतून जातोस न्हवं तू?”

व्यंकटेशनं स्क्रूवरची नजर न काढता होकार दिला. अण्णा थांबत थांबत, मध्ये श्वास गोळा करत सांगू लागले. त्या दुपारी त्यांनी लाईन बंद केली होती, हँडलला लाल पाटीही अडकवली होती. मग खुर्चीत डुलकी लागली. पहिली दोन वर्षं ते शपथेवर सांगत की आपण हँडलला हात लावला नाही. मग कधीतरी स्वप्नात हात हँडलकडं जाताना दिसला. मग रोज दिसू लागला, आणि आता तर त्या हँडलचा गारवाही तळव्याला आठवतो. रजिस्टरात नोंद नाही, पण रजिस्टर काय माणसानंच लिहायचं असतं.

“माझं आता काय खरं न्हाई,” ते म्हणाले. “मल्लप्पाला सांग, बसवंतप्पानं कबूल केलंय. माफी मागितलीय म्हणाव. एवढा निरोप नेशील का?”

व्यंकटेशच्या हातातला पेचकस स्क्रूच्या खाचेतून निसटला. त्याला वाटलं आपण बोलतोय की अजून त्या कडीच्या दारापुढंच उभे आहोत... आणि मग आपलाच आवाज त्याला ऐकू आला, बराच लांबून.

“अण्णा, तुम्ही लाईन सोडली न्हाई. निर्ण्यात जनरेटर मी लावला होता, मेन न पाडता. करंट माझ्याकडून गेला खांबावर.”

शांतम्मा चहा घेऊन उंबऱ्यात थांबल्या होत्या. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि हसता हसता त्यांना उबळ आली. बाईंनी त्यांची पाठ चोळली.

“हिनं शिकवलं व्हय तुला?” ते शेवटी म्हणाले. “मागं पोरगंबी अशीच समजूत काढत हुतं. अरे, माझ्या हाताला म्हाईत हाय. पण दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन इतकं खोटं माझ्यासाठी कुणी बोललं न्हाई बघ आजवर.”

व्यंकटेशनं पुन्हा सांगितलं. वायर, दोन पिना, आतली कडी, सगळं. जितकं बारीक सांगावं तितके अण्णा अधिक मायेनं बघत होते, आणि शेवटी त्यांनी हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. “निरोप तेवढा दे,” म्हणाले, आणि डोळे मिटले.

बाकीचं काम त्यानं पुरं केलं. शांतम्मांना हँडल वर-खाली करून दाखवलं, त्यांच्याकडूनही करून घेतलं. त्यांनी नीट करून दाखवलं आणि एकदाच त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. मग त्याच्याबरोबर दारापर्यंत आल्या.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सायकल हातात धरून तो चालू लागला आणि चार पावलांतच त्याला जाणवलं की छाती हलकी झाली आहे, सात वर्षांत नव्हती इतकी. सांगून टाकलं म्हणून, असं तो स्वतःला म्हणाला. मल्लप्पाची गल्ली पुढच्या वळणावर होती. तिथं पोचेपर्यंत त्याला कळलं होतं की हलकेपणा सांगितल्याचा नव्हता. अण्णांनी विश्वास ठेवला नाही, त्याचा होता. आणि जवळ असलेला अण्णांच्या कबुलीचा निरोप द्यायला किती सोपा आहे, हे त्याच्या मनानं केव्हाच जोखून ठेवलं होतं.