जाड पान

ओल शोषणाऱ्या पुडीतले दाणे गुलाबी झाले होते. परवापर्यंत निळे होते, निदान मुकुलला तसं वाटत होतं, आणि आता बोटाएवढ्या त्या जाळीदार पुडीत एकही दाणा निळा उरला नव्हता… म्हणजे कपाटात ओल शिरली होती, म्हणजे तीनशे बारा पुस्तकं कित्येक दिवस त्या ओलीत उभी होती, आणि आपण दर रविवारी दार उघडून, छपाईचा वास छातीभर घेऊन, समाधानानं दार लावून टाकत होतो.

"तव्यावर गरम कर की, निळे होतात पुन्हा," त्याची बायको सुहासिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "नाहीतरी पुस्तकांचं बाळंतपणच चाललंय तुझं. शेकशेगडी तेवढी राहिलीय."

एरवी तो हसला असता. आज त्यानं पुडी मुठीत धरली आणि तसाच उभा राहिला. सकाळी अद्वयचा फोन आलेला. अद्वय छायाचित्रांची पुस्तकं काढतो, नवा आहे, उत्साही आहे, आणि काळुराम म्हात्रेचं 'बाळकुमचं मीठ' तो पुन्हा छापतोय, मुकुलचा लेख जोडून. दुपारी चार वाजता फोटोंची पुस्तकं बघणाऱ्यांचं त्यांचं मंडळ जमणार, इथेच, वर्तकनगरला, आणि बैठकीनंतर अद्वय पुस्तक स्कॅनिंगला नेणार. सगळं ठरलेलं.

"काका, छोटासा डाऊट होता. काळुरामची पुतणी आहे ना, अक्षदाताई, तिच्याकडे फोटोंची यादी सापडली, हातानं लिहिलेली. त्यात एकेचाळीस आहेत. तुमच्याकडे चाळीस. तेविसावा बघा… 'आई, हसताना.' पण तुम्ही तर लिहिलंय, आईचा चेहरा पुस्तकात कुठेच नाही."

आणि मुकुल, एक क्षणही न थांबता… हेच तर आता घशात अडकलंय, की एक क्षणही थांबलो नाही मी… म्हणाला, "शेवटच्या घडीला गाळला असणार. म्हणजे बघ, चेहरा होता त्याच्याकडे, तरी नाही दाखवला."

"वा, काका! हे लेखात टाकाच." आणि फोन ठेवता ठेवता, "आसावरी मॅडमनाही बोलावलंय हं. मला कॉलेजला होत्या त्या. डोंबिवलीहून येतायत."

पुस्तक त्यानं टेबलावर आणलं. पातळ, चौकोनी, पाठीवर डाग पडलेलं. पंधरा वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं, तेव्हाच ओल खाऊन आलेलं. काळुराम मिठागरात राबणाऱ्या घरातला, स्वतःच्या गावाचे, स्वतःच्या आईचे फोटो काढणारा. पुस्तक छापून आलं आणि दोन वर्षांत तो गेला. आता त्या मिठागरांच्या बाजूला बावीस-बावीस मजले. बाविसाव्या फोटोत हौसाबाई, त्याची आई, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन पाठमोरी चाललेली. पान उलटलं की रिकामं अंगण. बाई नाहीच. त्या दोन फोटोंमधल्या पोकळीवर मुकुलनं अकरा पानी लेख लिहिला होता: 'पाठमोरी'. बघणाऱ्याला चेहरा नाकारण्याचा कष्टकऱ्याचा हक्क, वगैरे. लेख गाजला. पुण्याला बोलावणं आलं, शाल आली. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक 'सर' म्हणायला लागले, आणि ते आवडलं, फार आवडलं, कशाला खोटं बोलू.

मंडळाचा नियम मुकुलनंच केलेला. खाणं-पिणं आधी, स्वयंपाकघरात. मग हात धुऊन यायचं. पुस्तक ज्याचं, त्यानंच सुती हातमोजे घालून पानं उलटायची, आणि बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून बघायचं. शेवटचं पान होईपर्यंत बोलायचं नाही. शाळेतल्यासारखं, असं सुहासिनी म्हणते.

आठ वर्षांपूर्वी त्याच नियमानं पानं उलटून झाल्यावर आसावरी म्हणाली होती, "पण मुकुलराव, हसते की ती. पाठमोरीच्या लगेच पुढे, दोन पानं भरून. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत होतं हे, मी पाहिलंय." लायब्ररीतलं पुस्तक कधीच रद्दीत गेलेलं. आणि मुकुल म्हणाला होता, "मॅडम, स्वप्नात पाहिलं असेल. लेख वाचून झोपलात वाटतं!" केवढे हसले सगळे. तीही हसली जराशी. पर्स उचलली, चप्पल घातली, दाराशी वळून "येते" म्हणाली… आणि आली नाही. आठ वर्षं.

हे एवढंच असतं तर चूक म्हणून सांगता आलं असतं. चूक कुणाची होत नाही? पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पुस्तक परत कपाटात ठेवताना, हातमोजे न घालता… सहज, उगाच… त्यानं बावीसचं पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं होतं. जाड होतं. बाकीच्या पानांहून जाड, दुप्पट, ओलीनं दोन पानं चिकटल्यासारखं. कडेला नख लावलं असतं तर कळलं असतं. फाटलं तर, दुर्मीळ प्रत आहे, उगीच कशाला, असं काहीतरी मनाशी म्हणत त्यानं पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि हात धुतले. त्यानंतर या पुस्तकाला मी कधी उघड्या हातानं शिवलो नाही. एकदाही नाही. लोकांना वाटायचं, केवढी ही काळजी!

आजही तो नुसता बघत बसला. जेवला नाही नीट. दुपारी पुडी तव्यावर ठेवली आणि जाळी करपवली.

चारला मंडळी आली. हेमांगीनं आणलेली अळूवडी खाऊन, हात धुऊन सहाजण टेबलाभोवती उभे राहिले. आसावरी सर्वांत शेवटी आली. केस पूर्ण पांढरे, चालणं जरा सावकाश. "कपाट नवीन केलंत वाटतं," ती म्हणाली, एवढंच, आणि कोपऱ्यात उभी राहिली. तेवढ्यात अद्वयनं सगळ्यांना सांगून टाकलं: यादी, तेविसावा फोटो, गाळलेला चेहरा, काकांचा अंदाज. "काय थिअरी आहे ना, मॅडम?"

आसावरी यादीच्या झेरॉक्सकडे बघत राहिली. 'आई, हसताना' यावर तिचं बोट थांबलं होतं. आता ती म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणू दे, मुकुलला वाटलं, म्हण ना बाई एकदाचं, मग मला भांडता तरी येईल.

"असेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल तेव्हा. मलाही हल्ली खात्री वाटत नाही."

त्या वाक्यानं त्याला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. आठ वर्षं ही बाई स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसली होती, आणि तो संशय मी दिला होता, हसत हसत, चार लोकांत.

त्यानं हातमोजे उचलले, आणि घातले नाहीत. तिच्यापुढे धरले. "पानं तुम्ही उलटा आज."

"नियम बदलला?" हेमांगी म्हणाली.

"आजच्यापुरता."

ही कबुली नव्हती. कबुलीच्या आसपासचं काहीतरी होतं, भित्र्या माणसाला झेपेल एवढं, हे त्याला कळत होतं. आसावरीनं हातमोजे बाजूला ठेवले. "हात धुतलेत मी," ती म्हणाली आणि उघड्या बोटांनी पहिलं पान उलटलं. बांध, पाणी, मिठाचे ढीग. मुकुल फोटो बघत नव्हता, तिचा अंगठा बघत होता. वीस. एकवीस. पाठमोरी हौसाबाई आली. पाटीखालून मानेवर उतरलेला ओघळ त्यानं शंभरदा पाहिलेला. आसावरीनं पान उचललं… आणि उलटलं नाही. चिमटीत धरून हलकेच चोळलं. पुन्हा चोळलं.

"जाड आहे हो हे."

"हो," मुकुल म्हणाला.

तिनं मान वर केली. रागावलेली नव्हती, त्याला वाटलं होतं तशी जिंकलेलीही नव्हती. फक्त विचारत होती. "केव्हापासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"काय ठाऊक?" अद्वय पुढे वाकला. सगळ्यांचे हात पाठीमागेच होते. आत्ताच कळलं, असं म्हणता येत होतं. वाक्य तयार होतं, सकाळसारखंच, आयतं. आणि एकदम त्याच्या मनात आलं, की एवढ्या वर्षांत हौसाबाई कशी हसत असेल हे मला कधी बघावंसंच वाटलं नाही. दात दिसत असतील का? पोरगा कॅमेरा घेऊन समोर, म्हणून तोंडाला पदर लावला असेल? अकरा पानं लिहिली मी तिच्यावर. आता पान फाटलं तर फाटू दे, लेख जाऊ दे, पण ती ओठांपाशी नको फाटायला… आसावरी पान तसंच धरून थांबली होती. मुकुलनं हात पाठीमागे नेले, नियमाप्रमाणे, आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरून तोंड उघडलं.