जाईबाईंसाठी भरलेली कॅसेट

मित्रांनो, माझे झाकण उघडायचे बटण आता दोनदा दाबावे लागते आणि आवाज निघण्याआधी मी थोडा वेळ घरघरतो. तेव्हा मला जुना टेपरेकॉर्डर म्हणायला काहीच हरकत नाही. पण माझी तक्रार म्हातारपणाबद्दल नाही. प्लॅस्टिकचा रंग उडतो, आतला रबरी पट्टा सैल होतो, ते चालायचेच. मला राग आहे तो एका कॅसेटबद्दल. पाच वर्षे झाली तरी तो गेलेला नाही, म्हणून आज तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म जपानमधला. एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे भाग जोडले. शेवटच्या बाईने माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले. मी ते तसेच्या तसे परत म्हणून दाखवले, तेव्हा तिने खूश होऊन माझ्या पाठीवर एक हिरवी चिठ्ठी चिकटवली. माझ्या पोटात दोन छोटी हेड आहेत. एक ऐकते आणि बोलते. दुसरे, लाल बटण दाबले की, कॅसेटवरचे आधीचे सगळे पुसून नव्याला जागा करून देते. या दुसऱ्या हेडचे मला तेव्हा काहीच वाटले नव्हते.

१९७३ साली पिंपरीच्या एका कारखान्यात जपानहून पत्रा दाबायचा एक मोठा प्रेस आला. तो बसवायला कुराता नावाचे इंजिनियर आले आणि त्यांच्या सामानात मी आलो. त्यांच्याबरोबर काम करायला विलास ओव्हाळ नावाचे फिटर होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाने, बोल्ट आणि हातवारे यांवर त्यांचे पाच महिने झकास चालले. विलासरावांची शाळकरी मुलगी प्रभावती गेटवर डबा घेऊन यायची. तिने कुरातांकडून बघता बघता पन्नासेक जपानी शब्द उचलले. निघताना कुरातांनी मला विलासरावांच्या हातात ठेवले, सोबत जपानी धड्यांच्या कॅसेट दिल्या आणि म्हणाले, "ओव्हाळ-सान, बेटी. पढाई."

ती माझी सर्वांत चांगली वर्षे. ओव्हाळांच्या दोन खोल्यांत मी फळीवर मानाने बसायचो. मी एक वाक्य म्हणायचो, प्रभावती ते माझ्यामागून म्हणायची. तिची आई जाईबाई भाकरी थापता थापता हसायची आणि हळूच स्वतःही म्हणून बघायची. जाईबाईंचे माहेर चाकणजवळच्या एका गावात. छप्पन साली त्या नव्या नवरी होत्या आणि सगळ्या वस्तीबरोबर त्यांनीही बौद्ध धम्म घेतला. तेव्हापासून त्यांची पौर्णिमेची वंदना कधी चुकली नाही. लिहिता-वाचता येत नव्हते, पण एकदा ऐकलेले त्या विसरत नसत. त्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा पक्क्या.

पुढे प्रभावती विद्यापीठात गेली. १९७८ साली तिच्या विभागातून अकरा विद्यार्थ्यांचा गट तीन आठवड्यांसाठी जपानला निघाला. तिकडची संस्कृती पाहायची, देवळे, नाटके, चहाचा समारंभ समजून घ्यायचा आणि परत येऊन अहवाल लिहायचा, असे ठरले होते. गटाचे प्रमुख जगदाळे सर होते. आवाज भरून घ्यायचे काम प्रभावतीकडे आले, कारण अकरा जणांत टेपरेकॉर्डर फक्त तिच्याकडे होता.

निघायच्या आदल्या दिवशी जाईबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"परभा, तिकडं पन बुद्धाला मानत्यात म्हनं?"

"हो आई."

"मग त्यांची वंदना तेवढी भरून आन. दुसरं काई नको मला. आपल्यावानी म्हनत्यात का येगळं, एकदा ऐकू दे तरी."

मित्रांनो, मी जन्मभूमीला निघालो होतो आणि माझ्याकडे इतके साधे काम होते! मला वाटले, पहिल्याच आठवड्यात ते उरकेल.

विमानतळावरच कटकट सुरू झाली. परत येताना जकातवाले अडवतील म्हणून जगदाळे सरांनी गटाच्या सगळ्या यंत्रांची एकच यादी केली. कॅमेरा, प्रोजेक्टर आणि मी. यादीच्या डोक्यावर त्यांनी विभागाचे नाव घातले. "सोयीसाठी," ते म्हणाले.

जपानमध्ये उतरलो तर मला कोणी ओळखलेच नाही. ज्या देशात मी नवा कोरा होतो, तिथे आता मुलांच्या हातात माझ्या निम्म्या आकाराचे रेकॉर्डर होते. एका दुकानदाराने मला पाहून दोन्ही हात पसरले आणि सगळे हसले. ते मी सोसले. पण कामाचे काय? विभागाने सहा कॅसेट दिल्या होत्या आणि पाच दिवसांत त्यांतल्या तीन भाषणांनी भरल्या. नगराध्यक्षांचे स्वागत, त्याचा अनुवाद, त्यावर जगदाळे सरांचे आभार, आणि तेही स्वागताच्या दुप्पट. प्रभावतीने बाजारातल्या विक्रेत्याची आरोळी भरायला मला बाहेर काढले की सर मागून म्हणायचे, "ओव्हाळ, सेल जपा. अहवालाला भाषणं लागतात, आरोळ्या नाही."

चहाच्या समारंभात किटलीतल्या पाण्याचा आवाजसुद्धा ऐकण्यासारखा असतो, असे आम्हाला मुद्दाम सांगितले गेले. आणि मला? मला बुटांच्या फळीवर ठेवले. दोन तास मी बारा जोडे ऐकत बसलो.

देवळांचे सांगतो. पहिल्या देवळात भिक्खूंनी एका सुरात म्हणायला सुरुवात केली. प्रभावतीने झटकन बटण दाबले आणि त्याच क्षणी सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तर विद्यार्थ्यांनो, हे मंदिर..." त्यांची माहिती संपली तेव्हा भिक्खू उठून गेले होते. दुसऱ्या देवळात रेकॉर्डिंगला मनाई होती. तिसऱ्या देवळात परवानगी मिळाली, सर लांब होते, घंटा वाजली, आणि माझे सेल संपले. ते आदल्या दिवशीच्या निरोपाच्या भाषणात गेले होते. प्रभावतीने मला इतक्या जोरात पिशवीत कोंबले की माझी कड चेपली. मला तिचा राग आला नाही. माझाही जीव तसाच चडफडत होता.

शेवटचे दोन दिवस विद्यार्थी वेगवेगळ्या घरी पाहुणे होते. प्रभावती नारा शहराजवळच्या एका गावात किकुए नावाच्या आजींकडे राहिली. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीला पोक, घरात एकट्या. पहाटे प्रभावती जागी झाली ती घंटेच्या आवाजाने. आजी भिंतीतल्या लाकडी देव्हाऱ्यापुढे बसून पितळी वाटीवर टोला देत होत्या. आत बुद्धाची बोटभर मूर्ती होती.

प्रभावतीने घाबरत, मी शिकवलेल्या जपानीत विचारले, "हे मी भरून घेऊ का?"

"कोणासाठी?" आजींनी विचारले.

"माझ्या आईसाठी."

आजी उठल्या. केस विंचरून, अंगावर चांगला किमोनो घालून परत आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या पोटात सहाव्या कॅसेटची शेवटची बाजू होती, तेवढीच काय ती कोरी. आजींचा आवाज कापत होता, मध्येच खोकला यायचा, तरी त्या थांबल्या नाहीत. फीत संपून माझे बटण आपोआप उडाले तरी त्या म्हणतच होत्या. मी आयुष्यात इतके मन लावून काही ऐकलेले नाही. प्रभावतीने त्या बाजूवर शाईने लिहिले, 'आईसाठी'.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीवर प्रत्येक बाजूसाठी एक इवलीशी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती तोडली की लाल बटण दाबलेच जात नाही आणि भरलेले पुसले जात नाही. प्रभावती परतीच्या विमानात ती तोडायला गेली, तेवढ्यात सरांनी पाहिले.

"अहो, तोडू नका! कॅसेट विभागाच्या आहेत, पुन्हा वापरायच्या आहेत. अहवाल झाला की घेऊन जा घरी."

मुंबईला उतरल्यावर यादीतले सगळे सामान एकदम सुटले आणि एकदम विभागात गेले. मीसुद्धा. लोखंडी कपाटात मला ठेवले, माझ्या झाकणावर ती सहावी कॅसेट ठेवली आणि कुलूप लावले. यादीवर विभागाचे नाव, म्हणजे मी विभागाचा!

प्रभावती दर महिन्याला पिंपरीहून बसने यायची. कपाटाच्या आतून मला तिचा आवाज ओळखू यायचा. उत्तर तेच असायचे, "अहवाल मंजूर होऊ दे." एकदा विलासराव पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आले.

"साहेब, टेप माझा हाय. कुराता साहेबांनी दिलेला."

"पावती आहे?" जगदाळे सरांनी विचारले.

"भेटीची पावती कुठं असती, साहेब?"

"मग अर्ज करा."

त्यांनी तीन अर्ज केले. पहिला हरवला. दुसऱ्यावर सही चुकीच्या जागी होती. तिसऱ्याचे काय झाले ते कपाटातून कळले नाही. सुरुवातीला जाईबाई बसस्टॉपपर्यंत येऊन विचारायच्या, "आज तरी मिळाली का?" नंतर त्यांनी विचारणेच सोडून दिले, असे प्रभावती एकदा शिपायाला सांगताना मी ऐकले. त्या शिपायाचे नाव ज्ञानदेव.

१९८० च्या मार्चमध्ये अहवाल छापून झाला आणि त्याच्या प्रकाशनाचा समारंभ ठरला. सरांचे भाषण भरून घ्यायचे होते आणि कोरी कॅसेट नव्हती. ज्ञानदेवांनी कपाट उघडले, माझ्या झाकणावरची कॅसेट उचलली आणि ते थबकले.

"सर, हिच्यावर 'आईसाठी' असं काईतरी लिवलंय."

"असेल जुनं काही. लाव तू, लोक आलेत."

ज्ञानदेवांनी एकदा कॅसेटकडे पाहिले, एकदा दाराकडे पाहिले, आणि लाल बटण दाबले.

माझे दुसरे हेड फिरत्या फितीला टेकले. पितळी वाटीचा टोला गेला. कापणारा आवाज गेला. मीच भरले होते, मीच पुसत होतो. ओरडावेसे वाटत होते, पण माझ्या तोंडून निघते ते नेहमी दुसऱ्याचेच. आणि सर काय बोलत होते माहीत आहे? जपानी माणसाकडून आपण वस्तूंची कदर करायला शिकले पाहिजे, असे. ते पाऊण तास बोलणार होते, पण पाहुण्यांना गाडी पकडायची होती म्हणून त्यांना आवरते घ्यावे लागले. टाळ्या झाल्या आणि मला बंद केले.

पुढच्या वर्षी विभागात नवा रेकॉर्डर आला. मग मात्र माझ्या नावापुढे 'निरुपयोगी' लिहायला कोणालाही अर्ज लागला नाही. ज्ञानदेवांनी प्रभावतीला निरोप धाडला. ती तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली होती. मला, पोटातल्या सहाव्या कॅसेटसकट, तिच्या हातात देताना ज्ञानदेव खाली बघत म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी सांगितलं होतं सरांना. पर जोरात न्हाई सांगितलं."

तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला नाही. संध्याकाळी कळला. घरात जाईबाई हात धुऊन, पदर सावरून माझ्यासमोर बसल्या. बटण दाबले आणि जगदाळे सर बोलू लागले.

"हे कोन? भन्ते हायत का?" जाईबाईंनी विचारले.

प्रभावती मला बंद करायला धावली. कॅसेट खिडकीबाहेर फेकून देते म्हणाली. विलासरावांनी तिचा हात धरला.

"थांब पोरी. मशीन मधीच बंद करू न्हाई. संपंस्तवर चालू दे."

म्हणून ते तिघे ते सगळे भाषण ऐकत बसले. टाळ्या झाल्या. खट् असा आवाज झाला. आणि मग, मित्रांनो, फितीच्या अगदी शेवटच्या टोकाला, सरांना आवरते घ्यावे लागले म्हणून जेवढे उरले होते तेवढे, किकुए आजी! एक टोला, एक खोकला, आणि कापऱ्या आवाजात दोन वेळा, "नामु आमिदा बुत्सु." खट्. फीत संपली.

अर्धे मिनिटसुद्धा नव्हते ते.

मग जाईबाई म्हणाल्या, "नामु म्हंजी नमो का गं?"

"हो आई."

"आन बुत्सु?"

"बुद्ध."

जाईबाईंनी हात जोडले. "म्हातारीला खोकला झालाय. कोन हाय का तिच्याजवळ? परत लाव."

त्या दिवशी त्यांनी ते नऊ वेळा ऐकले. माझ्या सैल पट्ट्यात फीत अडकू नये म्हणून मी जीव मुठीत धरून फिरलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विलासरावांना बाजारातून कोरी कॅसेट आणायला लावली आणि माझ्यासमोर मांडी घालून पौर्णिमेची सगळी वंदना म्हटली, किकुए आजींना पाठवण्यासाठी. मध्येच त्यांना ठसका लागला. प्रभावती म्हणाली, "आई, पुन्हा पहिल्यापासून भरू या."

"ऱ्हाऊ दे तसंच," जाईबाई म्हणाल्या. "तिला समजंल."

जाईबाईंची कॅसेट गेली त्याला दोन वर्षे झाली. उत्तर आलेले नाही. पोस्टात हरवली की आजीच राहिल्या नाहीत, हे आम्हाला कळायला काही मार्ग नाही. किकुए आजींचे ते अर्धे मिनिट मात्र अजून आहे. त्या कॅसेटची पट्टी विलासरावांनी ती ऐकली त्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हरने तोडली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, पट्टा बदला, हे मी सांगणार नाही. ते केलेत तर बरेच आहे. माझे मागणे एवढेच आहे. लाल बटण दाबण्याआधी कॅसेट शेवटपर्यंत ऐका. आणि कोणी न ऐकताच बटण दाबायला निघाले, तर नुसते सांगू नका, जोरात सांगा. यंत्राला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचे असते.