माझ्या वाटचं बोलणारी

मनातल्या मनात मी भलतीच तोंडाळ बाई आहे. भाजीवाल्याला, जावेला, टीव्हीवरच्या बायकांना मी जी उत्तरं देते ती ऐकली, तर सोलापुरात कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहणार नाही. फक्त ती बाहेर येत नाहीत. पहिल्याच अक्षराला जीभ अडते, मानेला झटका बसतो, आणि समोरचा माणूस माझं वाक्य त्याच्या सोयीनं पुरं करून टाकतो. मी अर्धा किलो म्हणायला जाते, तो एक किलो वांगी तोलतो. मी एक किलो वांगी घेऊन घरी येते.

लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा 'धोंडप्पा'तला 'ध' काही केल्या सुटेना. बायका म्हणाल्या, "लाजली गं बाई!" सासूबाईंनी सगळ्या भावकीत सांगितलं, "आमची दाक्षायणी लई गुणाची. उलटून एक शब्द बोलत न्हाय." त्या एका गुणावर माझा संसार सुखाचा झाला म्हणे. गिळलेल्या शब्दांनी पोट भरतं का, ते कुणी विचारलं नाही.

मग सृष्टी झाली. चुरूचुरू बोलणारी. शाळेत जायच्या आधीपासूनच ती माझ्या वाटचं बोलायला लागली. रेशनच्या दुकानात, बँकेत, एस.टी.तल्या कंडक्टरशी. माझी भुवई हलली तरी तिला कळायचं. फोन वाजला की मी तिच्या हातात द्यायची. पुढं शिक्षणही तिनं तेच घेतलं, बोलण्यात अडणाऱ्यांना बोलतं करायचं. आता सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात ती लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना आणि उशिरा बोलणाऱ्या पोरांना बोलायला शिकवते. मलाही कितीदा म्हणाली, "आई, बस की माझ्यासमोर." मी नाही बसले. पोटच्या पोरीपुढं पेशंट कोण होणार?

यंदा तिनं पुढच्या शिक्षणाचं काढलं. बेंगळुरूचं एक कॉलेज होतं, दोन वर्षं तिथंच राहायचं. अडखळत बोलणाऱ्या मोठ्या माणसांवर तिथं काम चालतं, म्हणून तिला तेच हवं होतं. हे म्हणाले, "जा की. तुझ्या आईला हुईल सवय." यांचं काय जातंय म्हणायला! हे दिवसभर दुकानात.

एका संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "फॉर्म भरू का गं? तुझं कसं हुईल हितं?"

मी तोंड उघडलं आणि 'म'वर अडले. तिनं नेहमीसारखं माझं वाक्य उचललं. "मला करमणार न्हाय, असंच ना? जाऊ दे. न्हाय भरत. पुढल्या वर्षी बघू." आणि ताट घेऊन उठली.

खरं सांगायचं तर अर्धं मी तेच म्हणणार होते. उरलेलं अर्धं घशात राहिलं आणि मीही ते राहू दिलं. पोरगी घरात राहतेय ना! मनातून मी हरखले होते, लाज वाटावी इतकी.

पण त्यानंतर सृष्टीचं बोलणं आटलं. माझ्या वाटचं बोलायची, स्वतःच्या वाटचं बोलेना. मोबाइलवर त्या कॉलेजचे फोटो बघत बसायची, आणि मी आले की मोबाइल पालथा घालायची. शब्द गिळणारं माणूस कसं दिसतं ते मला माहीत आहे. माझ्या पोरीचं तसं तोंड मला बघवेना.

एका दुपारी ती दवाखान्यात गेल्यावर मी फोन हातात घेतला. कॉलेजचा नंबर तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. फॉर्मची मुदत संपली का, एवढंच विचारायचं होतं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे कन्नड येतं. पण जीभ कन्नडमध्येही तितकीच अडते.

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "हेळ्री." सांगा, म्हणे. मी 'फ'वर अडले. आता ही बाई हॅलो हॅलो करणार आणि फोन आपटणार, आजवर असंच झालेलं. पण पलीकडं सगळं शांत. मला वाटलं, फोन कटला. नीट ऐकलं तर तिकडं पंखा घरघरत होता. बाई होत्या. "सावकाश बोला" म्हणाल्या नाहीत. "फॉर्मचं विचारायचंय का" असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. मी माझं अख्खं वाक्य माझ्या तोंडानं बोलले. मग त्या म्हणाल्या, उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. जसं काही मी विशेष केलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि ओट्याला टेकून मी हमसून हमसून रडले. माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलंच नव्हतं. आई थांबली नाही, नवरा थांबला नाही, जीव लावणारी लेकही थांबली नाही. जिथं माणसं असं थांबायला शिकतात, तिथं जायला माझी पोर तडफडत होती.

सृष्टी आली. चप्पल काढते न काढते तोच मी तिला हाताला धरून खाली बसवलं.

"काय झालं? अप्पांना काही..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप!" हा एक शब्द मात्र माझा कधी अडत नाही.

मग पुन्हा तो 'म' आला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती मध्ये बोलायला गेली की मी डोळे वटारायची.

"मला करमणार न्हाय," मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. तिला वाटलं, झालं, संपलं. ती उठायला लागली.

"अजून हाय," मी म्हणाले. "तरी तू जा. फॉ... फॉर्म उद्या सांजंपर्यंत भरता येतुया. मी फोन करून इचारलं."

"तू? फोन?" म्हणाली, आणि लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून रडली.

तिला प्रवेश मिळाला. ती गेली. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही. दारात रिक्षा थांबली की अजून वाटतं, आलीच.

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मीच उचलते. मी हॅलो म्हणेपर्यंत ती तिकडं गप्प बसते, मध्ये एक शब्द घालत नाही. तिचा श्वास ऐकू येतो, मागं कुठंतरी पोरी हसतात, नळाखाली बादली भरत असते. एकदा बोलायला सुरुवात केली की फोन संपायच्या वाटेला लागतो. म्हणून हल्ली हॅलो जिभेवर तयार असला, तरी मी तो लगेच देत नाही.